संशोधकाची कीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसाचा व्यवहार जसा घडेल तसा, त्याच क्रमानें, कीर्दींत उतरावयाचा आणि मग ज्याचा त्याच्या नांवाखालीं खतावणींत न्यावयाचा, अशी रीत होती. खतावणी चुकली तर कीर्दीवरून ती पुन्हां उभी करतां येई. कीर्दच बिघडली तर मात्र सारी पेढी अंधारांत. म्हणून कीर्दींत खाडाखोड खपत नसे. चुकीची रक्कम पडलीच तर ती पुसावयाची नाहीं, तिची उलट नोंद करावयाची. म्हणजे चूकहि दिसते आणि दुरुस्तीहि दिसते. पेढीवर उमेदवारी करणारें पोर दुसरें कांहीं न जाणतांहि एवढें पक्कें शिकून बाहेर पडे.

आजच्या विद्यापीठांत डॉक्टरेटसाठीं खपणारा विद्यार्थी याहून पुष्कळ मोठ्या गोष्टी शिकतो. तो सूक्ष्मदर्शक हाताळतो, खेड्यापाड्यांतून प्रश्नावल्या घेऊन हिंडतो, उपग्रहांनीं टिपलेल्या तपमानाचे लाखों आकडे संगणकावर उतरवून घेतो. परंतु हे आकडे हातीं आल्यावर ते लिहावे कसे, जपावे कसे, त्यांवरून काढलेलें उत्तर दुसऱ्यास पुन्हां काढतां येईल अशी वाट मागें ठेवावी कशी, हें त्यास बहुधा कोणी शिकवीत नाहीं. शेजारच्या टेबलावरील वडील विद्यार्थ्याची रीत पाहून तो आपली रीत बसवितो, आणि त्या वडील विद्यार्थ्यानेंहि ती तशीच कोणाची तरी उचललेली असते. संशोधनाच्या या कच्च्या मालाला इंग्रजींत डेटा म्हणतात. मराठींत त्यासाठीं ‘विदा’ हा शब्द अलीकडे वापरांत येत आहे. हा डेटा नीट हाताळण्याचें शिक्षण देण्यासाठीं जगांतील अनेक विद्यापीठांतून आतां दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा भरतात, सप्ताह साजरे होतात. वर्तमानपत्रांत त्यांची बातमी सहसा येत नाहीं. तेथें जें शिकविलें जातें तें इतकें साधें असतें कीं एखाद्या विद्वानास तें आपल्या योग्यतेखालचें वाटावें. तें तसें कां मानूं नये, हें इंग्लंडांत २०२० सालीं घडलेल्या एका प्रकारावरून दिसेल.

त्या वर्षीं पावसाळ्यानंतर, म्हणजे आपल्याकडील हिशेबानें, तेथें कोरोनाची साथ पुन्हां वर येत होती. प्रयोगशाळांनीं तपासलेल्या नमुन्यांच्या याद्या पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे येत, आणि तेथें त्या एक्सेलच्या फाइलींत भरल्या जात. वापरांत असलेली फाइल जुन्या घडणीची होती. त्या घडणीच्या तक्त्यांत ६५,५३६ ओळी मावतात. पुढची ओळ त्यांत शिरत नाहीं, आणि ती बाहेर राहिली हें तेथें वेळेवर कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतील १५,८४१ रुग्ण अशा रीतीनें रोजच्या गणतींतून गळले. तपासणीचा निकाल ज्याचा त्याला कळविला गेला होता. पण या रुग्णांच्या सहवासांत कोण कोण आलें होतें याचा शोध घेणाऱ्या पथकांकडे हीं नांवें वेळेवर गेलींच नाहींत. त्यांच्या शेजारीं बसून जेवलेलीं, काम केलेलीं माणसें कांहीं दिवस निश्चिंतपणें हिंडत राहिलीं. येथें वैद्यक चुकलें नव्हतें, नमुने तपासणारेहि चुकले नव्हते. चुकली ती कारकुनी. आलेल्या ओळी किती आणि उतरलेल्या ओळी किती, एवढें रोज ताडून पाहिलें असतें तर ती चूक त्याच संध्याकाळीं सांपडती.

दुसरें उदाहरण जीवघेणें नाहीं, उलट थोडें विनोदीच आहे. परंतु दुखणें किती जुनाट आहे हें त्यावरून कळतें. मनुष्याच्या कांहीं जनुकांचीं इंग्रजी संक्षिप्त नांवें ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशा धर्तीचीं होतीं. अशा नांवांची यादी एक्सेलमध्यें घातली कीं तें साधन आपल्या शहाणपणानें त्यांच्या तारखा करी : २ सप्टेंबर, १ मार्च. मूळ नांव गेलें तें गेलेंच. ही गोष्ट २००४ सालींच छापून आली होती. २०१६ सालीं मेलबर्नच्या तीन शास्त्रज्ञांनीं जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले ३,५९७ निबंध तपासले, तेव्हां त्यांतील ७०४ निबंधांच्या याद्यांत अशा तारखा शिरलेल्या आढळल्या. म्हणजे पांचांतील एक निबंध. २०२१ सालीं अधिक निबंध घेऊन पुन्हां पाहणी झाली, तों प्रमाण उतरण्याऐवजीं जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर गेलें होतें. अखेर जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें ‘सेप्ट’चें ‘सेप्टिन’ केलें, ‘मार्च’च्या शेपटाला एक अक्षर जोडलें, आणि २०२० सालीं तसें जाहीर केलें. विद्वानांची सवय बदलण्यापेक्षां जनुकाचें नांव बदलणें सोपें पडलें! एक्सेल तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टनें ही आपोआप होणारी तारीख बंद करण्याची सोय दिली ती त्यानंतर, २०२३ सालीं.

या कार्यशाळांपैकीं ज्यांचा प्रसार सर्वांत अधिक झाला त्यांचें नांवच मोठें बोलकें आहे : कार्पेंट्री, म्हणजे सुतारकाम. १९९८ सालीं अमेरिकेंत न्यू मेक्सिको प्रांतांतील लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा या दोघांनीं तेथील शास्त्रज्ञांसाठीं आठवडाभराचा एक वर्ग घेतला. भल्यामोठ्या संगणकांवर अणूंचीं आणि ताऱ्यांचीं गणितें करणारे हे शास्त्रज्ञ आपल्या लहानसहान आज्ञावल्या मात्र कशाबशा ठोकून बसवीत असत. मोठा पूल बांधण्याचें शास्त्र वेगळें, आणि घरांतला खिळा सरळ ठोकणें, फळी मापून कापणें हें वेगळें. शास्त्रज्ञाला पहिल्याची गरज क्वचित् पडते. दुसऱ्यावांचून त्याचें रोज अडतें. सॉफ्टवेअर कार्पेंट्री हें नांव त्यावरून पडलें. पुढें २०१२ पासून अमेरिकेंतील स्लोन प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें हे वर्ग दोन दिवसांचे होऊन विद्यापीठोविद्यापीठीं हिंडूं लागले. २०१४ सालीं केवळ आकड्यांच्या हाताळणीसाठीं डेटा कार्पेंट्री निघाली, २०१५ सालीं लंडनमध्यें ग्रंथपालांसाठीं लायब्ररी कार्पेंट्रीचा आरंभ झाला, आणि २०१८ सालीं हीं तीन्ही भावंडें एका छत्राखालीं आलीं.

अशा वर्गांत व्याख्यान नसतें. वीस-चाळीस विद्यार्थी आपापले लॅपटॉप उघडून बसतात. शिकविणारा समोरच्या मोठ्या पडद्यावर एक-एक ओळ स्वतः टंकतो, आणि विद्यार्थी ती त्याच्यामागून टंकतात. त्याची चूक झाली कीं ती पडद्यावर सर्वांना दिसते, आणि ती तो सर्वांसमक्ष दुरुस्त करतो. तयार चित्रें दाखवून भराभर पुढें जाण्याची सोय त्यानें आपणहून सोडलेली असते. कारण हातानें टंकण्याच्या वेगाहून अधिक वेगानें त्याला शिकवितां येऊं नये, हाच हेतु. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. सांगितलेलें काम झालें कीं एका रंगाची चिठ्ठी लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवावयाची. अडलें कीं दुसऱ्या रंगाची. मदतनीस बांकांमधून फिरत असतात, ते ती चिठ्ठी पाहून मुकाट्यानें येऊन बसतात. भर वर्गांत हात वर करून ‘मला येत नाहीं’ असें म्हणणें ज्या प्रौढ माणसाला जड जातें, आणि डॉक्टरेटच्या उंबरठ्यावरील माणसाला तें फारच जड जातें, त्याची अब्रू या दीड आण्याच्या कागदानें सांभाळली जाते. जेवणाच्या सुटींत त्याच चिठ्ठ्यांवर एक आवडलेली आणि एक खटकलेली गोष्ट लिहून द्यावयाची असते. शिकविणारे बहुधा स्वयंसेवक असतात. पण हौस आहे म्हणून कोणी फळ्यापुढें उभा राहिला, असें तेथें चालत नाहीं. आधीं शिकवावें कसें याचें शिक्षण त्यांना घ्यावें लागतें. आपल्या इकडील कित्येक नामांकित प्राध्यापकांना या अटीचें नवल वाटेल.

विषय कोणता असतो? डेटा कार्पेंट्रीच्या एका जुन्या पाठांत अॅरिझोनाच्या वाळवंटांतले उंदीर आहेत. पोर्टल नांवाच्या गांवाजवळ जमिनीचे चोवीस तुकडे आंखून १९७७ पासून तेथील उंदीर, घुशी आणि त्यांचे भाईबंद पकडले जातात, मोजले जातात आणि सोडले जातात. जात कोणती, नर कीं मादी, वजन किती, मागचा पाय किती लांब, असा तो हिशेब आहे. या खऱ्या नोंदींवरून शिकण्यासाठीं मुद्दाम एक गबाळा तक्ता तयार केलेला असतो. एकाच पानावर दोन-तीन कोष्टकें कोंबलेलीं. एका रकान्यांत वजन आणि जात दोन्ही. कोठें रिकामी चौकट, कोठें शून्य, कोठें उणें ९९९, आणि तिन्हींचा अर्थ एकच कीं निरनिराळा हें कोणी सांगावें? कांहीं वजनें पिवळ्या रंगानें रंगविलेलीं असतात, कारण त्या वेळीं काटा नीट लावलेला नव्हता. माणसाच्या डोळ्याला रंग कळतो. संगणकाला तो कळत नाहीं, आणि तक्ता साध्या मजकुराच्या रूपांत दुसऱ्याकडे गेला कीं पिवळा रंग वाटेंतच गळतो आणि खोटीं वजनें खऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसतात. मग विद्यार्थी शेजाऱ्याशीं बोलून तो तक्ता लावून घेतात. एका रकान्यांत एकच गोष्ट, एका ओळींत एकच प्राणी. तारखेचे वर्ष, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने. काटा बिघडलेला होता कीं नव्हता, यासाठीं स्वतंत्र रकाना. आणि सर्वांच्या आधीं, मूळ फाइलीला हात न लावतां तिची प्रत घेऊन काम करावयाचें, व काय काय बदललें तें वेगळें लिहून ठेवावयाचें. मूळ फाइल ही कीर्द, बाकीचें सारें खतावणी.

वह्या दुसऱ्याच्या हातांत देण्याची तयारी हें या शिक्षणाचें दुसरें अंग, आणि तेंच अधिक अवघड. २०१० सालीं कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, राष्ट्राचें सरकारी कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलें कीं त्याची वाढ सरासरीनें खुंटते. युरोप-अमेरिकेंत सरकारी खर्चाला कात्री लावूं पाहणाऱ्या पुढाऱ्यांनीं हा ९०चा आकडा उचलून धरला. पुढें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट येथील शाळेंत थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गांत एक काम मिळालें : कोणताहि प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यांतील उत्तर स्वतः काढून दाखवा. हर्नडननें हा निबंध घेतला आणि उत्तर कांहीं केल्या जुळेना. अखेर त्यानें मूळ लेखकांकडेच त्यांचा तक्ता मागितला, आणि त्यांनीं तो दिला. तक्त्यांत सरासरी काढणारें सूत्र वीस राष्ट्रांऐवजीं पंधरा राष्ट्रांवरच थांबलें होतें. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हीं इंग्रजी अक्षरक्रमानें आरंभींचीं पांच राष्ट्रें बाहेर राहिलीं होतीं. २०१३ सालीं हर्नडननें आपल्या दोन प्राध्यापकांसह आपला हिशेब प्रसिद्ध केला : वाढ उणें ०.१ टक्का नसून अधिक २.२ टक्के.

ही गोष्ट सांगतांना सारा दोष त्या सूत्राच्या माथीं मारण्याचा प्रघात पडला आहे; तो बरोबर नाहीं. त्या सूत्रामुळें पडलेला फरक लहान होता. मोठा फरक पडला तो कांहीं वर्षांचे आकडे वगळल्यामुळें आणि प्रत्येक राष्ट्राला किती वजन द्यावें याच्या निवडीमुळें. आणि त्या निवडीबद्दल मूळ लेखकांनीं हार मानली नाहीं, सूत्राची चूक तेवढी कबूल केली. पण वाद कशाबद्दल आहे हें निदान सर्वांना दिसूं लागलें, तें तक्ता उघडा झाल्यामुळें. त्या तीन वर्षांत ज्यांच्या नोकऱ्या आणि निवृत्तिवेतनें कात्रींत सांपडलीं, त्यांनीं हा तक्ता कधीं पाहिला नव्हता, आणि त्यांच्या मंत्र्यांनींहि नव्हता. हर्नडनला हें काम कोणा गुप्त चौकशी-समितीनें दिलें नव्हतें. तो वर्गांतला गृहपाठ होता.

कार्यशाळांबरोबर आतां उत्सवहि आले आहेत. फेब्रुवारीच्या मध्यांत, व्हॅलेंटाइनच्या दिवसाच्या सुमारास, ‘लव्ह डेटा वीक’ नांवाचा सप्ताह साजरा होतो. २०१६ सालीं अमेरिकेंतील विद्यापीठीय ग्रंथालयांनीं तो सुरू केला. मिशिगन विद्यापीठांत १९६२ पासून समाजशास्त्रांची आंकडेवारी जतन करणारी जी संस्था आहे, तिच्या पुढाकारानें तो आतां अनेक देशांत पसरला आहे. एखादा आंकड्यांचा संग्रह ‘दत्तक’ घ्यावा, त्याची ओळख करून घ्यावी, असले उपक्रम त्यांत असतात. आकड्यांवर प्रेम करण्याचा हा लाडिकपणा सर्वांनाच रुचेल असें नाहीं. परंतु त्यामागील काळजी खरी आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील टिमोथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन ते बावीस वर्षें जुने असे ५१६ निबंध घेऊन त्यांच्या लेखकांकडे मूळ आकडे मागितले. निबंध जुना होत जाईल तसतशी आकडे शाबूत असण्याची शक्यता दरवर्षीं सुमारें १७ टक्क्यांनीं घटत गेलेली त्यांना आढळली. लेखकांचे पत्ते बदललेले, कांहींचे आकडे आतां वाचतां न येणाऱ्या तबकड्यांवर पडून राहिलेले.

मराठी वाचकाला ही हळहळ नवी नाहीं. मराठेशाहींतील असंख्य पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसतें. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तें ठाऊकच होतें, मग लिहावें कशाला? पुढें राजवाडे-खऱ्यांसारख्या संशोधकांना त्या एका न लिहिलेल्या आकड्यासाठीं पत्रांतील लढाया, मुक्काम आणि मृत्यु ताडून पाहत बसावें लागलें. आजच्या फाइलींत ‘वजन’ असें शीर्षक असतें. ग्रॅम कीं औंस, आंघोळीपूर्वीं कीं नंतर, हें ज्यानें लिहिलें त्याला ठाऊक असतें. तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला कीं विभागांत दुसऱ्या कोणालाच तें ठाऊक नसतें.

मग दोन दिवसांच्या शिक्षणानें हें सारें सुधारतें काय? येथें उत्साही मंडळींना न आवडणारा एक पुरावा पुढें ठेवला पाहिजे. २०१७ सालीं अमेरिकेंतील ५३ संस्थांमधील जीवशास्त्रांच्या २९४ डॉक्टरेट विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. अल्पमुदतीच्या शिक्षणवर्गांना गेलेले आणि न गेलेले यांच्या संशोधनकौशल्यांत मोजतां येण्याजोगा फरक तींत आढळला नाहीं. कार्पेंट्रीच्या बाजूच्या लोकांनीं त्यावर आक्षेप घेतले, आणि त्यांतील कांहींना वजनहि आहे. ती पाहणी एकट्या कार्पेंट्रीची नव्हती, आणि सर्वच वर्ग सारखे नसतात. तरी पण त्या निष्कर्षानें दचकण्याचें कारण नाहीं. दोन दिवस पोहणें शिकून नंतर वर्षभर पाण्यांत न उतरलेल्या माणसाची जी गत, तीच ही. कार्यशाळेहून परतलेला विद्यार्थी पुन्हां त्याच टेबलापाशीं बसतो. त्याच्या मार्गदर्शकानें मूळ फाइल कधीं पाहिलेली नसते. त्याला पाहावयाचा असतो तो शेवटचा आलेख. ‘हा आकडा कोठून आला तें दाखवा’ असें विचारणारें कोणी नसेल, तर नवी रीत महिन्याभरांत विरते आणि पिवळा रंग परत येतो. ज्या विभागांत आठवड्यांतून एकदां मंडळी एकत्र बसून एकमेकांच्या फाइली उघडतात, जेथें ग्रंथालयांत त्या कामासाठीं नेमलेला माणूस असतो, तेथें त्या दोन दिवसांचा उपयोग होतो. मार्गदर्शक स्वतः येऊन शेवटच्या बांकावर बसला, तर अधिकच.

पैसा देणाऱ्या संस्थांचा आग्रहहि आतां वाढला आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननें जानेवारी २०११ पासून प्रत्येक अर्जासोबत डेटा कसा जपणार याची योजना मागितली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं जानेवारी २०२३ पासून हा नियम व्यापक केला. अशा योजना पुष्कळदां एकमेकांवरून उतरवून लिहिल्या जातात, हें येथें सांगितलेंच पाहिजे असें नाहीं.

भारतांत विद्यापीठ अनुदान मंडळानें पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठीं संशोधन आणि प्रकाशन यांच्या नीतीवर दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. मुंबई, पुणें, नागपूर येथील विद्यार्थीहि तो करतात. त्यांत तत्त्वज्ञान आणि नीति आहे, वाङ्मयचौर्य आहे. निबंधांच्या सूची आणि लेखकांचे मानांक यांना तर सात तास दिलेले आहेत. आकड्यांत फेरफार करणें हा अपराध आहे, हें त्यांत शिकविलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यानें कधीं नीट कीर्द ठेवली नाहीं त्याला, आपल्या आकड्यांत फेरफार झाला कीं नुसती चूक झाली, हें स्वतःलाहि सांगतां येत नाहीं. आणि ती ठेवावी कशी यासाठीं त्या ३० तासांत वेगळा तास राखलेला नाहीं. कार्पेंट्रीचे पाठ कोणालाहि विनामूल्य घेतां येतात आणि आपल्या भाषेंत, आपल्या आकड्यांवर बेतून वापरतां येतात. अॅरिझोनाच्या उंदरांच्या जागीं मराठवाड्यांतील पर्जन्यमापकांच्या नोंदी चालतील, जिल्हा रुग्णालयांतील वजनकाट्याचे आकडे चालतील. त्यासाठीं लागतें तें एवढेंच : भिंतीशीं विजेची सोय असलेली एक खोली, दोन शिकविणारे, दोन दिवस, आणि दोन रंगांच्या चिठ्ठ्यांची एक-एक गड्डी.